विमा-एजंटाचे खरे गिऱ्हाईक कोण?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि राजकारण या विषयांवर बोलणारी थोर मंडळी दरसाल येतात. त्यांच्या रांगेत विमा-एजंटाचा विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. हा प्राणी आपल्याकडे फार दिवस केवळ विनोदाचा विषय होऊन राहिला आहे. तो समोरून येताना दिसला की सायकल गल्लीत वळवावी, दारात उभा राहिला तर मुलाकरवी ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगावे, हे विनोद आपण सर्वांनी ऐकले आहेत आणि रंगवून सांगितलेही आहेत. परंतु आपण ज्याला चुकवतो तो असतो तरी कोण? बहुधा आपलाच भाचा, शेजाऱ्यांचा पदवीधर मुलगा, निवृत्त झालेले एखादे मास्तर किंवा भिशीतल्या कोणी वहिनी. माणूस आपल्या घरातला असेल, तर त्याच्या धंद्याची घडण आपण नीट समजून घ्यावयास हवी.

विम्याचे फायदे सांगण्याकरिता मी आलेलो नाही. ते सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. माझा आजचा प्रश्न त्या सांगणाऱ्याबद्दल आहे. ज्या कचेरीत विमा विकण्याहून विमा विकणारी माणसे गोळा करण्यावर अधिक भर असतो, तिथे त्या माणसांचे काय होते, आणि त्यांच्यामागून आपले काय होते, एवढाच तो प्रश्न आहे.

प्रथम या धंद्याचा स्वभाव पाहू. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या पायांनी जाते, कारण घरातला गूळ संपलेला असतो. विमा मागावयास मात्र सहसा कोणी जात नाही. आपल्या पश्चात बायकामुलांचे काय होईल, हा विचार माणूस उद्यावर ढकलतो आणि तो उद्या येत नाही. म्हणून कोणीतरी घरी यावे लागते, चार वेळा खेटे घालावे लागतात आणि अप्रिय प्रश्न गोड शब्दांत विचारावा लागतो. हे काम खरोखर उपयोगाचे आहे. एजंटाने चिकाटी धरली नसती तर कितीतरी घरांत कर्त्या पुरुषामागे एक पैसाही हाती आला नसता, हे आपण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे.

या खेट्यांचा मोबदला पगाराने न देता कमिशनने द्यावा, अशी रीत जगभर पडली. त्या कमिशनचे दोन भाग असतात. पहिल्या वर्षी मोठा घास आणि पुढे दरसाल लहान घास. आपल्या देशात कायद्याने पुष्कळ वर्षे त्याची कमाल मर्यादा ठरवून दिली होती. सामान्य पॉलिसीवर पहिल्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यानंतर पाच टक्के. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ही प्रत्येक पॉलिसीवरची वेगळी मर्यादा काढून टाकली आणि कंपनीच्या एकूण खर्चालाच मर्यादा घालून कमिशन ठरविण्याचे काम कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपविले. आकडे बदलतात, परंतु पहिला घास मोठा आणि पुढचे लहान, ही घडण तीच आहे.

या लहान घासांतच धंद्याचे सारे शहाणपण साठवलेले आहे. पॉलिसी वीस वर्षे चालली तर एजंटाला वीस वर्षे थोडे थोडे मिळत राहते. म्हणून हप्त्याची आठवण देणे, पत्ता बदलला तर कळविणे, वारसाचे नाव नोंदलेले आहे की नाही हे पाहणे, ही कामे तो आपण होऊन करतो. त्याचे हित आणि विमेदाराचे हित येथे एका दोरीने बांधले जाते. आयुर्विमा महामंडळाच्या नियमांत तर अटी पुऱ्या करणाऱ्या एजंटाच्या मृत्यूनंतर हे कमिशन त्याच्या वारसांना देण्याचीही सोय आहे. विमा विकणाऱ्याच्या विधवेलाही त्याने विकलेल्या विम्यातून दोन पैसे मिळावेत, ही योजना करणाऱ्याला या धंद्याचे मर्म कळले होते असे म्हटले पाहिजे.

आता याच्या उलट असलेली दुसरी ओढ पाहू. मी स्वतः दहा घरी जाऊन जेवढे मिळवीन, त्याहून मी दहा माणसे नेमली आणि त्यांच्या विक्रीवर माझा वाटा ठेवला तर अधिक मिळेल, हा हिशेब चतुर माणसाला लवकर सुचतो. आणि त्या दहांनी आणखी दहा दहा नेमली तर? हा हिशेब काही आजचा नाही. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे प्रिन्सिपल एजंट, चीफ एजंट, स्पेशल एजंट आणि त्यांच्या खाली साधा एजंट, अशी उतरंडच होती. दारोदार हिंडावयाचा तो सर्वांत खालचा आणि वरच्या मडक्यांत आपोआप काही पडत राहावयाचे. हा सारा खर्च शेवटी विमेदाराच्या हप्त्यातून जात असे. १९३८ च्या विमा कायद्याने कमिशनला लगाम घातला आणि १९५० च्या दुरुस्तीने प्रिन्सिपल एजंटांची पद्धत बंद केली.

पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे आपल्याच मुलखातले. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या यांचा धंदा एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ उभे राहिले. एजंट राहिला, परंतु त्याला नेमणारा आणि शिकविणारा विकास अधिकारी हा महामंडळाचा पगारी नोकर झाला. दोष त्याही व्यवस्थेत होते. विकास अधिकाऱ्यालाही धंद्याचे आकडे दाखवावे लागत आणि कागदोपत्री एजंट पुष्कळ असत. तथापि चव्वेचाळीस वर्षे एकच दुकान असल्यामुळे माणसे पळविण्याची शर्यत नव्हती.

२००० साली खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि ही शर्यत सुरू झाली. २०१० च्या सुमारास देशात आयुर्विम्याचे एजंट २९ लाखांच्या घरात पोचले होते. त्याच वर्षी शेअरबाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसींवरील आकारणीला नियामकाने मर्यादा घातली, त्याबरोबर कमिशनही आटले. २०१३ पर्यंत ही संख्या २१ लाखांच्या आसपास आली. तीन वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसे कमी झाली. ही माणसे कोठे गेली याची चौकशी आपण केली नाही. त्यांनी विकलेल्या पॉलिसींचे काय झाले याची चौकशी मात्र मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस या तीन विदुषींनी केली. २००४-०५ ते २०११-१२ या काळात बंद पडलेल्या पॉलिसींमुळे विमेदारांचे सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा त्यांचा अंदाज आहे. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने कायद्याच्या ४२-अ कलमात प्रिन्सिपल, चीफ आणि स्पेशल एजंट यांच्याबरोबर बहुस्तरीय विक्रीच्या योजनेचेही नाव घालून त्या सर्वांना मनाई करण्यात आली. तेव्हा कागदावर उतरंड मोडलेली आहे. परंतु ज्या कचेरीतला पगारी व्यवस्थापक महिनाअखेर ‘नवीन किती नेमले’ या प्रश्नाला उत्तर देत बसतो, तिथे उतरंडीचा पिंड जिवंत राहतो.

ही भरती कशी होते ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जाहिरातीत ‘विमा’ हा शब्द बहुधा नसतो. ‘व्यवस्थापकीय संधी’, ‘वेळेचे बंधन नाही’, ‘स्वतःचे मालक व्हा’ असे शब्द असतात. सभागृहात वीस-पंचवीस उमेदवार बसलेले असतात. एक टापटिपीचा गृहस्थ आपली गाडी, आपला परदेश प्रवास आणि आपले बक्षीस यांचे वर्णन करतो. अमेरिकेत १९२७ साली बत्तीस एजंटांनी स्थापन केलेल्या मिलियन डॉलर राउंड टेबलचे नावही भाषणात येते. मुलाखत नावापुरती होते आणि जो आला तो निवडला जातो. मग प्रशिक्षण, मग परीक्षा. २००० साली नियमाने शंभर तासांचे शिक्षण सक्तीचे होते, पुढे ते पन्नास तासांवर आले. आणि या साऱ्याच्या आधी किंवा नंतर त्या तरुणापुढे एक कोरा कागद ठेवण्यात येतो : ‘आपल्या ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहा.’

श्रोतेहो, त्या कचेरीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हा कागद. तरुणाजवळ भांडवल नाही, अनुभव नाही; परंतु त्याला मामा आहे, मावशी आहे, शाळेतले शिक्षक आहेत, वडिलांचे कचेरीतले मित्र आहेत. तो मामाकडे जातो.

“मामा, फक्त एक सही हवी.”

“अरे, पण कशाची पॉलिसी? किती वर्षांची?”

“ते मी सगळे भरतो. महिनाअखेर आहे हो मामा. तुम्हीच नाही म्हणालात तर मी कुणाकडे जाऊ?”

मामा सही करतात. त्यांनी विमा घेतलेला नसतो, भाच्याचा शब्द राखलेला असतो. वाक्य एवढेसे आहे, पण या धंद्याचा सारा बिघाड त्यात आहे. विमा घेतलेला माणूस तो चालू ठेवतो, आणि शब्द राखलेला माणूस दुसऱ्या वर्षी मोकळा होतो.

थोडे गणित करू, कठीण नाही. समजा, वर्षाचा हप्ता २४,००० रुपये आणि पहिल्या वर्षाचे कमिशन २५ टक्के, म्हणजे ६,००० रुपये. तरुणाला महिना २०,००० रुपये हवे असतील तर वर्षाला २,४०,००० रुपये, म्हणजे चाळीस पॉलिसी विकावयास हव्यात. यादीत शंभर नावे आहेत. चारांतल्या एकाने सही केली, आणि ही मोठीच कृपा म्हणावयाची, तर पंचवीस पॉलिसी होतात. दीड लाख रुपये येतात आणि साडेसात महिन्यांत यादी संपते. त्यातून पेट्रोल, फोन आणि चहापाणी वजा करा. शिवाय ‘पहिल्या हप्त्यातले काही परत दे’ म्हणणारे नातेवाईक असतातच. कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देणे आणि घेणे हा गुन्हा आहे. त्याचा दंड पूर्वी ५०० रुपये होता, तो २०१५ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत वाढविला. तरीही मागणारे मागतात आणि गरजू मुलगा देतो.

आता हाच हिशेब नेमणाऱ्याच्या बाजूने करा. त्याने अशी वीस मुले नेमली. प्रत्येकाने एक पॉलिसी स्वतःची, एक आईची, एक मामांची, दोन मित्रांच्या अशा पाच आणल्या आणि तीन महिन्यांत कंटाळून सोडून दिले. प्रत्येक मुलाच्या पदरी पडले तीस हजार रुपये. कचेरीत मात्र शंभर पॉलिसी आणि २४ लाखांचा हप्ता जमा झाला. मुले गेली याचे तिला दुःख होण्याचे कारण नाही, कारण पुढच्या महिन्यात वीस नवी मुले येणार आहेत आणि प्रत्येकाला एक एक मामा असणारच. अशा ठिकाणी खरे गिऱ्हाईक तो तरुणच असतो. त्याला एक स्वप्न विकलेले असते आणि त्याची किंमत त्याने आपल्या नात्यागोत्याने चुकती केलेली असते.

हा दोष केवळ वाईट पॉलिसीचा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून जरा अमेरिकेकडे पाहू. तेथे विम्यातली अशी उतरंड उघडपणे आणि कायद्याने चालते आणि शेअरबाजारातील कंपनीला आपले आकडे छापावे लागतात. आर्थर विल्यम्स नावाच्या गृहस्थाने १९७७ साली जॉर्जिया राज्यात एक विमा-संस्था काढली. आज ती प्रायमेरिका या नावाने ओळखली जाते. हा गृहस्थ पूर्वी शाळेत फुटबॉलचा शिक्षक होता. वडील अपुरा विमा ठेवून वारले तेव्हा घराची झालेली ओढाताण त्याने पाहिली होती. त्याचे सांगणे असे, की बचत आणि विमा यांची खिचडी असलेली महाग पॉलिसी घेऊ नका, स्वस्त मुदतीचा विमा घ्या आणि उरलेले पैसे वेगळे गुंतवा. सल्ला चांगला होता आणि आजही चांगला आहे. परंतु विक्रीची पद्धत उतरंडीची ठेवली. जो येईल त्याने विमा विकावा, नवी माणसेही आणावीत आणि त्यांच्या विक्रीवर वरच्याचा वाटा असावा.

त्या कंपनीच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे त्या वर्षात साडेतीन लाखांहून अधिक माणसांनी नावे नोंदविली. त्यांपैकी काहींचे परवान्याचे काम पुढच्या वर्षावर जात असेल हे धरूनही, त्या वर्षी नवे परवानाधारक झाले ते सुमारे ४९ हजार. आता पुढची गोष्ट पाहा. परवानाधारक प्रतिनिधींची एकूण संख्या वर्षारंभी सुमारे १ लाख ३५ हजार होती, ती वर्षाअखेर सुमारे १ लाख ४१ हजार झाली. म्हणजे एकोणपन्नास हजार नवे आले आणि भर पडली सहा हजारांची. चाळीस हजारांहून अधिक माणसे एका वर्षात बाहेर पडली. माल चांगला होता, संस्थापकाचा हेतूही चांगला होता. तरी वाट्याची रचना अशी असली की माणसे पाण्यासारखी वाहून जातात.

माणूस वाहून गेला की मागे राहते त्याला विम्याच्या धंद्यात एक नाव आहे : ‘अनाथ पॉलिसी’. ज्या पॉलिसीचा एजंट सोडून गेला ती अनाथ. हप्ता थकला तरी कोणी दार वाजवीत नाही. वारसाच्या नावात चूक असली तर ती तशीच राहते. आणि दावा करण्याचा दुर्दैवी प्रसंग आला म्हणजे घरच्या बाईने कोणाकडे जावयाचे हे तिला ठाऊक नसते. शिवाय घाईने विकलेला विमा बहुधा अपुरा असतो. तिशीतल्या निरोगी माणसाने जो हप्ता बचतीच्या पॉलिसीत भरला, त्याच हप्त्यात निव्वळ मुदतीच्या विम्याने त्याच्या कुटुंबाला दहापटीहून अधिक संरक्षण मिळू शकते. परंतु तेवढ्याच संरक्षणाला मुदतीच्या विम्याचा हप्ता अगदी लहान, म्हणून कमिशनही लहान. आणि महिनाअखेर मोठ्या आकड्याची असते. भाच्याने मामांना फसविले असे मी म्हणणार नाही. भाच्याला जे शिकविले तेच त्याने सांगितले.

यावर कोणी म्हणेल, की नवी माणसे तर प्रत्येक धंद्यात घ्यावी लागतात. बरोबर आहे. वकील उमेदवार घेतो, सुतार पोऱ्या ठेवतो. फरक इतकाच, की पोऱ्या टिकला आणि हात बसला तरच सुताराला त्याचा उपयोग. जिथे नवा माणूस टिकला तरच नेमणाऱ्याचा फायदा आहे, ती उमेदवारी. जिथे तो टिकला काय आणि गेला काय, नेमणाऱ्याचे आधीच साधले आहे, ती केवळ भरती. ही कसोटी कोणत्याही कचेरीला लावून पाहावी.

ही कसोटी लावता येईल असा एक प्रयोग अलीकडेच झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाची ‘विमा सखी’ योजना हरियाणातील पानिपत येथे सुरू झाली. दहावी उत्तीर्ण स्त्रियांना एजंट नेमून पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० असे विद्यावेतन द्यावयाचे आणि कमिशन वेगळे. पुढचे विद्यावेतन मिळण्यासाठी आधीच्या वर्षातल्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू असल्या पाहिजेत, अशी अट आहे. किती घ्याव्या याचेही लक्ष्य आहेच, आणि योजना कितपत फळते हे पाहावयाचे आहे. परंतु नवख्या माणसाला पहिली वर्षे तगू द्यावीत आणि पॉलिसी टिकण्याशी त्याचा मोबदला बांधावा, ही दिशा योग्य आहे. धीर धरणाऱ्याला हा धंदा काय देतो तेही पाहा. मघाच्याच हिशेबाने वर्षाला चाळीस पॉलिसी दहा वर्षे विकल्या आणि त्यांतल्या तीनचतुर्थांश चालू राहिल्या, तर ३०० पॉलिसींवर पाच टक्क्यांनी वर्षाला ३,६०,००० रुपये, म्हणजे दरमहा ३०,००० रुपये नवीन विक्रीवाचून मिळतात. हे आंब्याचे झाड आहे. लावणाऱ्याला दहा वर्षे पाणी घालता आले पाहिजे, आणि पहिली दोन वर्षे त्याच्या घरची चूल दुसऱ्या कशावर तरी पेटली पाहिजे. भरतीच्या सभेत हीच एक गोष्ट सांगितली जात नाही.

तरुण मित्रांनी सही करण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारावेत. या कचेरीत तीन वर्षांपूर्वी नेमलेल्यांपैकी आज किती जण काम करीत आहेत? मला नेमणाऱ्याची बढती कशावर ठरते, माझ्या नेमणुकीवर की मी विकलेल्या पॉलिसी टिकण्यावर? मी सोडून गेलो तर पुढच्या वर्षांचे कमिशन कोणाला? आणि ओळखीची नावे संपल्यावर अनोळखी माणसाशी कसे बोलावयाचे हे मला कोण शिकविणार? या प्रश्नांनी जो व्यवस्थापक रागावतो, त्याने उत्तर दिलेच आहे असे समजावे.

मामालोकांनाही एक विनंती आहे. भाच्याला मदत करावयाची असेल तर त्याच्या हातात सरळ पैसे ठेवा. ते वीस वर्षांच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि विमा घ्यावयाचा असेल तर भाचा समोर बसलेला असला तरी परक्याला विचारावेत तसे सारे प्रश्न विचारा. कागद हातात पडल्यावर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करण्याचा हक्क २०२४ पासून आपल्याला आहे; पूर्वी तो सामान्यतः १५ दिवसांचा होता. त्या दिवसांत कागद वाचा. वाचणारा मामा भाच्यालाही चांगला एजंट बनवतो, कारण उत्तरे देण्याकरिता त्यालाही वाचावे लागते.

महामंडळाच्या मुंबईच्या मुख्य कचेरीचे नाव ‘योगक्षेम’ आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातला हा शब्द. जे नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले ते राखणे हा क्षेम. विम्याच्या धंद्यात योगाचे ढोल फार वाजतात. क्षेम पाहणारा माणूस मात्र शांतपणे दरवर्षी तीच दारे वाजवीत असतो. असा एखादा जुना एजंट आपल्या गल्लीत असेल तर यापुढे त्याला पाहून सायकल वळवू नका, त्याला घरात बोलावून चहा द्या. आणि ज्या कचेरीला त्याच्या जागी दर महिन्याला नवा भाचा हवा असतो, तिच्या पायरीवर आपल्या मुलाला पाठविण्यापूर्वी दोनदा विचार करा.